पटावरच्या लेकी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यातली बहुतेक पत्रे मुलींच्या पालकांची आहेत आणि जवळपास प्रत्येक पत्रात नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख हिचे नाव आहे. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे प्रशिक्षक आणि पंच यांनी मिळून दिली आहेत.

दिव्या देशमुख एकही नॉर्म नसताना एकदम ग्रँडमास्टर झाली असे वाचले. मग बाकीच्या मुली नॉर्मसाठी वर्षानुवर्षे का फिरतात? हे किताब मिळतात तरी कसे?
*— एक पालक, परभणी*

वाचलेत ते बरोबर आहे. फक्त ‘एकदम’ या शब्दाला आमची हरकत आहे.

आधी नियम सांगतो. ग्रँडमास्टर हा सर्वांत मोठा किताब. त्यासाठी २५०० रेटिंग (निकालांवरून ठरणारा खेळाडूच्या ताकदीचा आकडा) गाठावे लागते आणि साधारण तीन नॉर्म लागतात. तिन्ही मिळून किमान २७ डाव भरले पाहिजेत. नॉर्म म्हणजे एखाद्या स्पर्धेत, बहुधा नऊ फेऱ्यांच्या, २६०० च्या तोडीचा खेळ करून दाखवणे. समोरचे खेळाडूही तसे हवेत. त्यांत किताबधारक किती आणि परदेशी किती, याची अट असते. इंटरनॅशनल मास्टरसाठी हेच आकडे २४०० रेटिंग आणि २४५० ची कामगिरी असे आहेत. महिलांचे किताब वेगळे. वुमन ग्रँडमास्टरसाठी २३०० रेटिंग आणि २४०० ची कामगिरी, वुमन इंटरनॅशनल मास्टरसाठी २२०० आणि २२५०. त्याखालचे दोन किताब, वुमन फिडे मास्टर (२१००) आणि वुमन कँडिडेट मास्टर (२०००), नुसत्या रेटिंगवर मिळतात, नॉर्म लागत नाहीत.

काही मोजक्या स्पर्धा जिंकल्या तर किताब थेट मिळतो. महिला विश्वचषक त्यांतला एक. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला दिव्या गेली तेव्हा तिला पंधरावे मानांकन होते. तिने चीनच्या झू जिनरला हरवले, मग आपल्याच द्रोणवल्ली हरिकांना, उपांत्य फेरीत माजी जगज्जेत्या तान झोंगयीला. तान झोंगयीविरुद्धचा निर्णायक डाव १०१ चालींचा होता. अंतिम फेरीत कोनेरू हंपींशी दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले. मग रॅपिडचा, म्हणजे कमी वेळेचा, पहिला डावही बरोबरीत, आणि दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. तारीख २८ जुलै. भारताची ती ८८वी ग्रँडमास्टर. महिलांमध्ये हंपी, हरिका आणि वैशाली यांच्यानंतरची चौथी.

आता त्या ‘एकदम’कडे वळू. २०१४ मध्ये डर्बनला दहा वर्षांखालील जगज्जेतेपद, २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालील. २०२१ मध्ये वुमन ग्रँडमास्टर, २०२३ मध्ये इंटरनॅशनल मास्टर आणि त्याच वर्षी आशियाई महिला विजेतेपद. २०२४ मध्ये गांधीनगरच्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत ११ पैकी १० गुण. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये (देशांच्या संघांच्या स्पर्धेत) तिसऱ्या पटावर ११ पैकी साडेनऊ गुण, म्हणजे संघाबरोबर वैयक्तिक सुवर्णही. हे सगळे पाठीशी असताना बातुमीचा दरवाजा उघडला. तुमच्या मुलीने थेट किताबावर डोळा ठेवू नये. दोन हजार, एकवीसशे अशा पायऱ्या धराव्यात.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आजोबांनी तिला बुद्धिबळ शिकवले, घरात सगळ्यांना हरवते. तिला स्पर्धेत उतरवायचे तर सुरुवात कुठून करू?
*— एक आई, अंबाजोगाई*

ताई, आजोबांनी लावलेली गोडी सांभाळा, पण नियम एकदा तपासून घ्या. आपल्याकडे पारावर, ओसरीवर जुन्या पद्धतीचे बुद्धिबळ अजून खेळतात. त्यात प्यादे पहिल्यापासून एकच घर चालते, राजा एकदा घोड्याची चाल घेतो, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) नसते आणि प्यादे ज्या घरात पोचेल त्या घराचे मोहरे बनते. स्पर्धेत यातले काहीच चालत नाही. तिथे प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जाऊ शकते, आणि शेवटच्या पट्टीवर पोचल्यावर वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी हवे ते मागता येते.

पहिल्याच स्पर्धेत लेकरे रडतात ती बहुतेक पुढच्या चार जागांवर. एक, हात लावलेले मोहरे हलवावेच लागते. दोन, कॅसलिंग करताना आधी राजा उचलायचा, तोही एकाच हाताने. हत्तीला आधी हात लावला तर त्या चालीत त्या बाजूला कॅसलिंग करता येत नाही. तीन, नियमबाह्य चाल करून घड्याळ दाबले तर क्लासिकल डावात पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जास्त मिळतात, दुसऱ्या वेळी डावच जातो. चौथी जागा घरच्या सवयीची आहे. दुसरा वजीर जवळ नसला की आपण हत्ती उलटा ठेवतो आणि त्याला वजीर म्हणतो. पंचांच्या लेखी उलटा हत्ती हा हत्तीच. अशा वेळी घड्याळ थांबवायचे, हात वर करायचा, पंचांकडून वजीर मागून घ्यायचा आणि मग चाल पूर्ण करायची. हे तिच्याकडून घरी दहा वेळा करून घ्या.

चाली लिहिण्याचा सरावही आधी हवा. उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या १ ते ८. घोड्याला एन लिहितात, कारण के हे अक्षर राजाने घेतलेले असते. चाल आधी खेळायची, मग लिहायची. उलट केले तर पंच टोकतात.

कागदपत्रांचे म्हणाल तर जिल्हा संघटनेमार्फत किंवा थेट ऑनलाइन, राज्य आणि अखिल भारतीय महासंघाची नोंदणी करा. ती दर वर्षी नवी करावी लागते. जन्मदाखला, आधार आणि नोंदणी या तिन्हींत नावाचे इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखे ठेवा. आपल्याकडे एका कागदावर आडनाव पुढे, दुसऱ्यावर वडिलांचे नाव मधे, असे हमखास होते. जागतिक महासंघाचा क्रमांक एकदा एका नावाने पडला आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाने निघाला की परदेशी स्पर्धेच्या तोंडावर धावाधाव होते.

वयाचा गट १ जानेवारीवर ठरतो. २०२६ साली अकरा वर्षांखालील गटात १ जानेवारी २०१५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली खेळू शकतात. देशातले गट ७, ९, ११, १३ असे विषम आणि जागतिक गट ८, १०, १२ असे सम का, हे पुष्कळ जण विचारतात. या वर्षी नऊ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत वर आलेली मुले पुढच्या वर्षी दहा वर्षांखालील जागतिक स्पर्धेला जातात, म्हणून ही मांडणी आहे. वाट जिल्हा निवड, राज्य निवड, राष्ट्रीय अशी जाते. शालेय क्रीडा स्पर्धा हा वेगळा रस्ता आहे. तो क्रीडा खात्याचा. त्यात गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असतात. दोन्ही खेळाव्यात, पण एकीचे प्रमाणपत्र दुसरीकडे चालेल असे धरून बसू नये.

मुलगी तेरा वर्षांची, रेटिंग १४८०, दोन वर्षे तिथेच अडकले आहे. आम्ही तिला फक्त मुलींच्या स्पर्धांना पाठवतो. खुल्या स्पर्धेत मोठ्या पुरुषांसमोर बसवणे योग्य आहे का?
*— एक वडील, जालना*

योग्य आहे, आणि रेटिंग अडकण्याचे एक मोठे कारण तुमच्याच प्रश्नात आहे.

हिशेब करून पाहू. तुमच्या मुलीचा के हा गुणक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा, ४० आहे. अठरा वर्षे पूर्ण होतात त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत, आणि रेटिंग २३०० च्या आत असेपर्यंत, तो ४०च राहतो. १६०० च्या खेळाडूशी डाव झाला तर १२० गुणांच्या फरकाला तिच्याकडून अपेक्षा ०.३४ गुणाची. ती जिंकली तर ०.६६ गुणिले ४०, म्हणजे २६.४ गुण वाढतात. बरोबरी झाली तरी ६.४ वाढतात. हरली तर १३.६ जातात. आता उलट बाजू. तितक्याच फरकाने खालची मुलगी १३६० ची हवी, पण १४०० धरा, कारण मार्च २०२४ पासून रेटिंग १४०० पासून सुरू होते. त्या १४०० वाल्या मुलीशी जिंकली तर पंधराच्या आसपास हाती येतात आणि हरली तर पंचवीसच्या आसपास जातात. त्याच त्या दहा-बारा मुलींशी जिल्ह्यात आणि विभागात खेळत राहिले की रेटिंग त्याच डबक्यात फिरते. एकीचे गुण दुसरीकडे, दुसरीचे पहिलीकडे.

के ४० असण्याची ही वर्षे पुन्हा मिळत नाहीत. पुढे तो २० होतो आणि तितक्याच मेहनतीला निम्मे गुण मिळतात. म्हणून वर्षात सहा स्पर्धा झेपत असतील तर चार खुल्या आणि दोन मुलींच्या, असे प्रमाण ठेवा. निवड स्पर्धा मुलींच्या गटातच असतात, त्या सोडू नका. एकदिवसीय रॅपिड स्पर्धा बक्षिसासाठी ठीक, पण त्यांचे रेटिंग वेगळे असते. क्लासिकलचा आकडा त्यांनी हलत नाही.

पुरुषांसमोर बसण्याची भीती मुलीपेक्षा घरच्यांना जास्त असते. हा हक्क महाराष्ट्रातल्याच एका मुलीने मिळवून दिला, हे तिला सांगा. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनी. राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली आणि पहिली विजेती वासंती. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी राष्ट्रीय महिला विजेती झाली आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यापासून अडवता येणार नाही. तुमची मुलगी आज तेवढ्याच वयाची आहे. दिव्यानेही २०२५ च्या समरकंद ग्रँड स्विस स्पर्धेत महिला गट सोडून खुल्या गटात खेळणे पत्करले.

जवळचे उदाहरण हवे असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या साक्षी चितलांगे आहेत. वुमन इंटरनॅशनल मास्टरपर्यंत मराठवाड्यातून पोचता येते, ते त्यांनी दाखवले आहे.

मी नववीत आहे. माझे डाव चांगले होतात, पण शेवटी प्यादे जास्त असूनही बरोबरी होते. सर म्हणतात ओपनिंग पाठ कर. मी काय करू?
*— एक विद्यार्थिनी, उदगीर*

तुझे दुखणे ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीच्या चालींचे) नाही, एंडगेमचे (मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्याचे) आहे. एक पट मांड.

पांढरा राजा ई-४ वर, पांढरे प्यादे ई-२ वर, काळा राजा ई-६ वर. चाल पांढऱ्याची. दोन राजे समोरासमोर आहेत आणि मधे एकच घर आहे. अशा वेळी ज्याला चालावे लागते तो हटतो. याला ऑपोझिशन म्हणतात. तू राजा हलवलास तर काळा राजा पुन्हा समोर येऊन उभा राहील. पण तुझ्या हातात प्याद्याची एक राखीव चाल आहे. प्यादे ई-३ वर घे. आता चालायची पाळी काळ्याची. तो डी-६ ला गेला की तुझा राजा एफ-५ ला घुसतो, तो एफ-६ ला गेला की तू डी-५ ला. पुढे राजाने वाट करून द्यायची आणि प्याद्याने मागून यायचे. डाव जिंकलेला.

आता फक्त एक बदल कर. तेच राजे, तीच चाल पांढऱ्याची, पण प्यादे आधीच ई-३ वर ठेव. राखीव चाल संपली. काळा नीट खेळला तर ही बरोबरी आहे. बहुतेक मुली घाईने प्यादे पुढे ढकलतात आणि नेमकी ती एक चाल वाया घालवतात. तुझ्या जुन्या डावांच्या वहीत बघ, हेच सापडेल असे आम्हाला वाटते.

याबरोबर दोन गोष्टी पक्क्या कर. पांढरा राजा आपल्या प्याद्याच्या पुढे सहाव्या पट्टीवर पोचला (राजा ई-६, प्यादे ई-५, काळा राजा ई-८) तर चाल कोणाचीही असो, डाव जिंकतो. अपवाद कडेच्या प्याद्याचा. ए किंवा एच पट्टीवर काळा राजा कोपऱ्यात शिरला की बरोबरी. दुसरी गोष्ट हत्तीच्या एंडगेममधली. एक प्यादे कमी असताना बचाव करायचा असेल तर राजा प्याद्यासमोर ठेव आणि हत्ती आपल्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या आडव्या पट्टीवर, म्हणजे समोरचा राजा पुढे घुसत नाही. प्यादे त्या पट्टीवर आले की हत्ती ताबडतोब दूर, त्यांच्या मागच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. प्यादे पुढे सरकलेले असल्यामुळे त्यांच्या राजाला आता आडोसा उरत नाही. हा फिलिडोरचा बचाव. हत्ती लवकर हलवला तर मात्र फसतो.

रोज वीस मिनिटे खऱ्या पटावर हे मांड. एकदा पांढऱ्याकडून खेळ, एकदा काळ्याकडून. मोबाइलवर नको. ओपनिंग तीन पुरेत. पांढऱ्याने एक, ई-४ ला उत्तर एक, डी-४ ला उत्तर एक, आणि प्रत्येकी आठ-दहा चाली, त्याही कशासाठी आहेत ते समजून.

घड्याळाचे एक सांगायचे राहिले. ९० मिनिटे आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद, अशा डावात तुझ्या वयाच्या मुली चाळीस मिनिटांत उठतात, कारण हाताला मोबाइलवरच्या दहा मिनिटांच्या डावांची सवय असते. दर पाच चालींनंतर उरलेला वेळ लेखनपत्रिकेवर चालीशेजारी लिही. नियमात ते चालते. विसाव्या चालीला ८० मिनिटांपेक्षा जास्त उरले असतील तर तू विचार न करता खेळते आहेस.

मुलगी यंदा अकरावीत. नीटची तयारी लातूरलाच चालू आहे. दोन वर्षे पट बंद ठेवला तर सगळे वाया जाईल का?
*— एक पालक, लातूर*

वाया जात नाही. न खेळल्याने रेटिंग कमी होत नाही. वर्षभर एकही डाव झाला नाही तर यादीत नावापुढे निष्क्रिय अशी खूण येते, आणि पुन्हा एक डाव खेळला की ती निघते. कमी होते ती गणिती नजर. तेवढ्यासाठी रोज सहा कोडी, अर्धा तास, मोहरे न हलवता डोळ्यांनी सोडवलेली, आणि महिन्यातून एका रविवारी एक लांब डाव. अकरावीच्या सुट्टीत एक स्पर्धा जमली तर उत्तम. बारावीच्या दिवाळीनंतर मात्र स्पर्धा नकोच. अर्धे लक्ष ठेवून खेळलेली स्पर्धा ४० च्या गुणकाने रेटिंगही तितक्याच वेगाने खाली आणते. क्रीडा गुणांसाठी शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रे शाळेमार्फत वेळेत पाठवा. हा अर्ज निकालानंतर आठवून उपयोगाचा नाही.

लग्न झाले की मुलीचा खेळ संपतो, मग एवढा खर्च कशाला, असे सासरचे आत्तापासूनच म्हणतात.
*— एक वाचक, नांदेड*

कोनेरू हंपींना २०१७ मध्ये मुलगी झाली. त्यासाठी त्या सुमारे दोन वर्षे पटापासून दूर होत्या. परत आल्या आणि २०१९ मध्ये मॉस्कोला जागतिक रॅपिड विजेत्या झाल्या, २०२४ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा. द्रोणवल्ली हरिका २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये नववा महिना चालू असताना खेळल्या आणि संघाने कांस्यपदक आणले. भाग्यश्री साठे यांनी लग्नानंतर, भाग्यश्री ठिपसे या नावाने, राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. हंपी ओएनजीसीत नोकरी करतात, म्हणजे खेळ पोटाला लावता येतो, हेही घरात सांगा. पत्र दाखवायचे असेल तर हेच पान दाखवा.

पुण्यात नऊ फेऱ्यांची स्पर्धा आहे, मुलीबरोबर मी जाणार आहे. प्रवासाची, राहण्याची काय काळजी घ्यावी?
*— एक आई, बीड*

पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री पोचा. पहाटेच्या एसटीने जाऊन दहाला पटावर बसलेली मुलगी तिसाव्या चालीला पेंगते, हे नेहमी दिसते. शिवाय उशिराची मर्यादा प्रत्येक स्पर्धेत ठरलेली असते आणि ती उलटली की डाव खेळल्याशिवाय जातो. आदल्या रात्री पोचणे शक्यच नसेल तर पत्रकात अर्ध्या गुणाच्या बायची (ती फेरी न खेळता अर्धा गुण घेण्याची) सोय आहे का पाहा आणि ती आधीच लेखी मागा. तो डाव रेटिंगला धरत नाहीत, पण शून्यापेक्षा बरा.

खोली हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. थोडी महाग पडली तरी रिक्षाचे आणि मनस्तापाचे पैसे वाचतात. दिवसाला दोन फेऱ्या असल्या तर मधल्या दोन तासांत जेवण आणि डोळे मिटून पडणे, एवढेच. झालेल्या डावाचे शवविच्छेदन रात्री. दुपारी हरलेला डाव उकरला की संध्याकाळचाही जातो. चार तासांच्या डावाला भात जड होतो. ज्वारीची भाकरी, वरण, दही बरे. पटावर पाणी आणि शेंगदाण्याची चिक्की. एसीच्या हॉलसाठी स्वेटर लागतोच, अगदी मे महिन्यातही.

पाळीच्या तारखा स्पर्धेत येत असतील तर त्याबद्दल मुलीशी मोकळेपणाने बोला. पॅड बॅगेत जास्तीचे ठेवा, गोळी घेण्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. स्वच्छतागृह कुठे आहे ते पहिल्या फेरीआधी तिला दाखवून ठेवा. डाव चालू असताना तिला उठता येते. आपली चाल असेल तर फक्त पंचांना विचारायचे, कारण सांगावे लागत नाही. घड्याळ मात्र चालू राहते, म्हणून शक्यतो आपली चाल करून उठावे.

आणि मोबाइल. आई बाहेर जाताना फोन मुलीच्या जर्किनच्या खिशात ठेवून जाते, असे दर स्पर्धेत एकदा तरी होते. तिच्या अंगावर फोन सापडला की तो बंद असला तरी डाव गेला, मग ती वजिराने पुढे असली तरी. स्मार्ट घड्याळालाही तेच. हॉलच्या दारात तिचे दोन्ही खिसे तुम्ही स्वतः तपासा.